फेकायचं पाणी

पळसटोला, पोस्ट आरमोरी
जिल्हा चांदा
२ मार्च १९५८

ती. गुणवंतभाऊ यांस,
अन्नपूर्णाचा नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, कोणी गेलेलं नाही. आपल्यात मागचं पत्र कधी झालं ते मला आठवत नाही, तुम्हालाही आठवणार नाही, तेव्हा रुसवेफुगवे दोन्हीकडून माफ. तुम्ही आमच्या बाबांच्या ओसरीवर बसून इंग्रजी घोकायचे आणि मी तुमची पाटी पुसून द्यायची, तेवढ्या ओळखीवर लिहिते आहे. मावशी आरमोरीच्या बाजारात भेटली. म्हणाली, गुणवंता नागपुरात एका मोठ्या डॉक्टरांच्या प्रयोगशाळेत आहे आणि नसांचंच काम करतो. मग म्हटलं, एवढा मावसभाऊ नसांत शिरलेला असताना मी जंगू पुजाऱ्याच्या दारात कशाला उभी राहू?

माझी थोरली सोमारी. तेरावं सरून चौदावं लागलंय. आमच्या टोल्यावर तिच्याइतकं जोरात पळणारं पोरगंसुद्धा नाही. सध्या पहाटे सगळे मोहफुलं वेचायला जातात. चार दिवसांपूर्वी ती मोहाखाली वाकली आणि तशीच बसली. उठेना. म्हणाली, "माय, पोटऱ्या दगडावानी झाल्या." ऊन चढल्यावर उठली, पण टाच टेकत नाही. पंजावर चालते आणि एक गुडघा दुसऱ्याला घासतो.

भाऊ, मला हे सगळं तोंडपाठ आहे. सोमारी पाळण्यात होती त्या वर्षी माझे पाय असेच सुरू झाले होते. तेव्हापासून माझ्या हातात काठी आहे. तुम्ही बाबांच्या तेराव्याला आला होता तेव्हा बघितली असेल. विचारलं मात्र नव्हतं.

गाव म्हणतं, आईचे पाय लेकीले आले. जंगू म्हणतो, बोकड द्या. सोमारीचे वडील बांबू कटाईला जंगलात आहेत, ते निरोप पाठवतात की बोकड देऊन टाक. मी म्हणते, लाखोरीची डाळ. ज्या वर्षी धान पिकतं त्या वर्षी कोणाचे पाय धरत नाहीत. ज्या वर्षी धान वाळतं आणि बांधीत नुसती लाखोरी उरते, त्या वर्षीच हे होतं. गेल्या साली धान निसव्यावर येऊन वाळलं. धान उभं असतानाच फेकून पेरलेली लाखोरी मात्र निळी फुलं घेऊन डोलत उभी राहिली. तेव्हापासून सकाळी लाखोरीची भाकर, दुपारी लाखोरीचं वरण, रात्री लाखोरीच्या पाल्याची भाजी.

लाखोरी सोडा, एवढंच लिहिणार असाल तर कागद खराब करू नका. सोडून खायचं काय, ते सांगणारा अजून कोणी भेटला नाही. माझे पाय गेले ते गेले, त्यांच्यासाठी मी रडत बसले नाही. पण सोमारीचे पाय मी देणार नाही. गावाला नाही, देवाला नाही, लाखोरीला तर मुळीच नाही. काय करायचं ते लिहा, मी करते.

तुमची,
अन्नपूर्णा


नागपूर
२४ मार्च १९५८

चि. सौ. अन्नपूर्णा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दोन दिवस मला नीट सुचलं नाही. काठी बघितली होती. पडली असशील असं समजून गप्प बसलो. विचारायला हवं होतं.

तुझं पत्र मी सरांना दाखवलं. या रोगाचं नाव पुस्तकात आहे आणि लाखोरीशी त्याचा संबंधही आहे, पण लाखोरीतलं नेमकं काय बाधतं यावर एकमत नाही. कोणी म्हणतं, नुसती लाखोरी खाल्ल्यानं जीवनसत्त्वं कमी पडतात. कोणी म्हणतं, लाखोरीत एक रानटी बी मिसळतं, विष त्याचं. सरांचं मत पहिल्या बाजूला आहे. मी कोंबडीच्या पिल्लांवर वेगळंच काही करून बघतो आहे, पण ते अजून कच्चं आहे.

सरांना तुम्हा दोघींना बघायचं आहे. आई आणि मुलगी एकाच वेळी मिळणं दुर्मिळ, असं ते म्हणाले. विद्यार्थ्यांपुढे तुम्हा दोघींना चालवून दाखवता येईल. येण्याची सोय ते करतील.

तोवर एवढं कर. लाखोरीची डाळ भरपूर पाण्यात चांगली उकळायची, ते पाणी काढून टाकायचं आणि मग नव्या पाण्यात डाळ शिजवायची. भाकरीसाठी सुद्धा दाणे गरम पाण्यात भिजवून, पाणी काढून, वाळवून मग दळायचे. घरातल्या सगळ्यांसाठी असंच कर. का, ते आत्ता लिहीत नाही. सिद्ध न झालेली गोष्ट कागदावर यायची नाही अशी सरांची सक्त ताकीद आहे. माझ्यावर विश्वास ठेव.

तुझा,
गुणवंत


पळसटोला
११ जून १९५८

ती. गुणवंतभाऊ यांस,
नमस्कार.

आधी तुमच्या सरांचं उत्तर. आरमोरीच्या बाजारात बैल विकायला आणतात तेव्हा त्याला चालवून दाखवतात. गिऱ्हाईक पाय बघतं, दात बघतं, पाठीवर थाप मारतं. आम्ही विकायला काढलेल्या नाही. सरांना बघायचं असेल तर त्यांनी पळसटोल्याला यावं. खाटेवर बसवीन, चहा पाजीन आणि आधी त्यांना अंगणात चालवून बघीन.

आता तुमच्या औषधाचं. पाणी काढून टाका म्हणालात, तसंच करते आहे. पहिल्या दिवशी शकुबाई, म्हणजे माझी सासू, कमरेवर हात ठेवून चुलीपुढे उभी राहिली. "डाळ दोनदा शिजवून राह्यली? लाकडं तुह्या बापानं तोडून देल्ली का?" मी म्हटलं, नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलंय. डॉक्टरचं नाव काढल्यावर जरा नरमली. तिचा सोमारीवर फार जीव आहे. पोरीचे पाय सुटावेत म्हणून ती आगीतूनही चालेल.

घरात सगळे आता दोनदा शिजवलेली डाळ खातो. चव जाते, पण पोट भरतं. धाकट्या दोघांचं काही नाही. मागच्या घरची रुखमाबाई पोटऱ्या धरतात म्हणत होती, तिलाही सांगितलं, तिला आता बरं आहे. म्हणजे तुमचं औषध खरं आहे, यात मला शंका नाही.

पण सोमारीला उतार नाही. उलट वाढलं. आता पोरीच्या हातात काठी आहे. मी तिला माझी जुनी काठी दिली नाही. डोमा सुताराकडून नवी करून घेतली, तिच्या उंचीची. रात्री मांड्या थरथरतात, लघवीला धावावं लागतं. ती माझ्याकडे बघते, माझ्या पायांकडे बघते. काल म्हणाली, "माय, तू पयले काठी कवा धरली, तेव्हा रडली होती का?" मी म्हटलं, नाही. खोटंच सांगितलं.

खाण्यात तर काही कमी नाही. उलट शकुबाई तिचं सगळ्यांपेक्षा जास्त करते. तुम्ही काढायला सांगितलेलं पाणीसुद्धा वाया जाऊ देत नाही. सकाळ-संध्याकाळ वाडगाभर, मीठ-मिरची घालून, सोमारीलाच. धाकटा मागायला गेला तर त्याच्या हातावर मारते. तिचं म्हणणं, भाताची पेज जशी अंगाला लागते तसा डाळीचा सगळा कस त्या पाण्यात उतरतो. जिचे पाय अशक्त तिला तो द्यायचा, नाहीतर फेकून कोणाचं भलं? आमच्याकडे बाळंतिणीला पेजच देतात. मलाही ते पटलं.

मग एवढं करूनही पोरगी का खचते आहे? तुमच्या पिल्लांचं काय झालं? उत्तर लगेच लिहा. आमच्याकडे एकदा नदीनाल्यांना पूर आले की टपाल अडतं.

अन्नपूर्णा


[तार. नागपूरहून आरमोरीला, १८ जून १९५८. इंग्रजी तार, पोस्टमास्तरांनी मराठीत लिहून दिली.]

पाणी देऊ नका. विष पाण्यातच आहे. थेंबही नको. जनावरांनाही नको. पत्र मागाहून. गुणवंत.


पळसटोला
२२ जून १९५८

गुणवंतभाऊ,

तार पोचली. तुमचं पत्र यायच्या आधी माझं घ्या.

फेका म्हणालात. विष आहे असं म्हणाला नाहीत. ही दोन वाक्यं तुम्हा शिकलेल्या माणसांना सारखीच वाटतात का? आम्ही धानाच्या मुलखातली माणसं. आमच्या घरात हंडीतलं पाणी कोणी फेकत नाही. भाताची पेज निवळून पितो. तांदूळ धुतलेलं पाणी म्हशीला घालतो. तुम्ही आमच्याच ओसरीवर वाढलात, माझ्या आईच्या हातची पेज पिऊन परीक्षेला गेलात, तुम्हाला हे ठाऊक नव्हतं का? फेका म्हणून सांगितलं की आमची बाई विचार करते, हे कोणाच्या तोंडी घालू. आणि ते ती घरातल्या सगळ्यात लाडक्या माणसाच्या तोंडी घालते.

आम्ही सगळे वाचलो. सगळ्या घराचं विष एका वाडग्यात गोळा करून आम्ही सोमारीला पाजलं. तीन महिने.

शकुबाईला सांगायचं की नाही, यावर मी एक दिवस काढला. शेजारच्या बाया म्हणाल्या, नको सांगू, म्हातारी मरेल. मी सांगितलं. ज्या हातानं वाडगा दिला त्या हाताला कळलंच पाहिजे, नाहीतर तो हात उद्या पुन्हा देईल. ती सोमारीच्या पायांशी जाऊन बसली आणि पोटऱ्या चोळत राहिली. दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी सोमारीनंच तिला घास भरवला, म्हणाली, "आजी, तुले का ठाऊक होतं?"

मी रडले, हे तुम्हाला लिहून ठेवते. नंतर उठले आणि पाण्याचा वाडगा फोडला.

आता मला कारण पाहिजे. तुमच्या सरांना सिद्ध झालं असो की नसो. त्या पाण्यात काय आहे, ते पोरीच्या पायाला काय करतं, आणि गेलेलं परत येतं का. सगळं लिहा. समजणार नाही म्हणून अर्धं ठेवू नका. अर्धं ठेवल्याचं काय होतं ते आपण दोघांनी बघितलं आहे.

अन्नपूर्णा


नागपूर
३ जुलै १९५८

अन्नपूर्णा,

तू म्हणतेस ते अक्षरन् अक्षर खरं आहे. मी पेजेवर वाढलो आणि पेजेलाच विसरलो. सरांच्या ताकिदीला भ्यालो, हेही खरं आहे. पुन्हा भिणार नाही. माफी मागायला हे पत्र नाही. तू कारण मागितलंस, ते देतो.

माझ्या पिल्लांचं असं झालं. लाखोरी उकळून पाणी वेगळं काढलं, आटवलं आणि त्याचा अर्क कोंबडीच्या लहान पिल्लांना टोचला. थोड्या वेळात त्यांच्या माना वळल्या, पाय ताठ झाले, ती फडफडून पडली. पाणी काढलेली डाळ ज्यांना घातली, ती चिवचिव करत दाणे टिपत होती. म्हणजे जे काही आहे ते पाण्यात उतरतं. हे मी मार्चमध्येच बघितलं होतं आणि फक्त "काढून टाका" एवढंच लिहिलं होतं.

आता ते काय करतं. हा माझा अंदाज आहे. सिद्ध करायला माझ्यापेक्षा हुशार माणूस आणि बरीच वर्षं लागतील.

बाबा धानाच्या जागलीला जायचे ते आठवतं? मचाणावरून एक जण "होऽऽ" करून हाक देतो. पुढच्या बांधीतला ती ऐकून उठतो, धावतो, डुकरं हाकलतो आणि पुढच्याला हाक देतो. मग सगळं शांत होतं. आपल्या अंगातही तसंच आहे असं मला वाटतं. मेंदूतून पायापर्यंत मज्जेच्या पेशी अशा जागलीला बसलेल्या असतात. एक पेशी दुसरीला हाक देते ती एका पदार्थाच्या थेंबानं. थेंब मिळाला की दुसरी चेतते, काम करते, आणि थेंब उचलला गेला की पुन्हा निवांत होते. निवांत होणं हेही कामच आहे. हाक थांबली नाही तर जागल्या झोपणार कधी?

लाखोरीत त्या थेंबाचा कोणी तोतया भाऊ असावा. आवाज हुबेहूब तोच, पण तो थांबत नाही. पेशीला वाटतं हाक आली, ती धावते. पुन्हा हाक, पुन्हा धावते. तिला कोणी मारत नाही, तिची उपासमारही होत नाही. ती धावून धावून मरते. गेल्या वर्षी परदेशातल्या एका मासिकात दोन डॉक्टरांनी लिहिलं आहे की, अंगात एरवी असणाराच असा एक पदार्थ उंदरांच्या पिल्लांना जास्त प्रमाणात टोचला, तर डोळ्याच्या पडद्यातल्या पेशी काही तासांत मेल्या. विष म्हणून कोणी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं. ते वाचलं तेव्हा मला लाखोरी आठवली. पायांकडे जाणाऱ्या पेशी सगळ्यात लांबच्या, त्यांना धावही लांबची. म्हणून आधी पाय जातात असं मी समजतो.

शेवटचा प्रश्न तू विचारलास, त्याचं उत्तर लपवत नाही. मेलेली पेशी परत येत नाही. पण तोतयाची हाक बंद झाली की उरलेल्या मरायच्या थांबतात. सोमारीचं जिथं आहे तिथं थांबेल. किती उरल्या आहेत ते आता तिलाच चालून बघावं लागेल.

सरांनी पिल्लांची खोली बंद केली. म्हणाले, हा पोरखेळ पुरे. म्हणून पिल्लं मी घरी आणली. दोन खोल्यांचं घर, आणि तुझी वहिनी गुणाबाई सध्या माझ्याशी बोलत नाही, फक्त पिल्लांशी बोलते.

गुणवंत


पळसटोला
२० नोव्हेंबर १९५८

ती. गुणवंतभाऊ यांस,
नमस्कार.

तुमचं पत्र पुरात अडकून आलं. शाई पसरली होती, तरी मी वाचून काढलं आणि शकुबाईला मोठ्यानं वाचून दाखवलं. मी भीत होते की हे म्हातारीला कसं समजावू. तोतयाच्या हाकेपाशी आले तशी ती ताडकन उठून बसली. "अवो, हे तं मले लहानपनापासून ठाऊक हाये. राती पयल्या हाकेले ओ देऊ नाई. माणूस असंल तं तीनदा हाक मारते. एकदाच बलावते ते भूत." मग म्हणाली, "मी शिकवली सारी पोट्टी, पन पोट्टीच्या पायाले कोन शिकवंल?"

तिथून ती बदलली. भाऊ, आमच्या टोल्यात आता लाखोरी शिजवायची तर शकुबाईच्या डोळ्यांदेखत शिजवावी लागते. कोणाच्याही घरात शिरते, झाकण उचलते, विचारते, पाणी फेकलं का? नसेल तर हंडी उचलून उकिरड्यावर रिकामी करते. डोमा सुताराच्या बायकोनं शिव्या दिल्या. म्हातारीनं त्या उभ्यानं ऐकून घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. "मह्या नातीले मीच पाजलं. मीच सांगंन, दुसरं कोन सांगंल?" हे ती कोणालाही, कुठेही सांगते. लाज गुंडाळून ठेवली आहे तिनं. गावाला आधी ती वेडी वाटली. आता बाया आपणहून पाणी फेकतात, निदान ती दिसली की तरी फेकतात.

परवा आमच्याकडे दिवाळीनंतरची मंडई झाली. घरोघर पाहुणे, रात्री नाटक, आणि दुपारी गावजेवण. मोठ्या गंजात लाखोरी चढवली होती. आचारी म्हणाला, एवढ्या माणसांची डाळ दोनदा कोण शिजवेल? मी आणि शकुबाई चुलीजवळ जाऊन बसलो. मी काठी आडवी धरली. म्हटलं, हा गंज वाढायचा असेल तर आधी आम्हा दोघींना उचलावं लागेल. जंगू पुजारी आला, म्हणाला, "बाई, सणाच्या दिवशी काऊन अडून राह्यली?" मी सोमारीला हाक मारली. ती काठी टेकत, पंजांवर, सगळ्या पाहुण्यांमधून चालत आली. कोणी तिला चालवून दाखवलं नाही. ती आपली आपण चालली. जंगूजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "काका, हे पाणी मी पेली. तुमी पेता का?"

जंगूनं तिच्या पायांकडे बघितलं. मग त्यानंच दुसऱ्या बाजूनं गंज धरला. पाणी गावाबाहेर नेऊन ओतलं. जेवण उशिरा झालं, पण कोणी कुरकुर केली नाही. पाहुण्यांपैकी दोन बायांनी शकुबाईला आपल्या गावी बोलावलं आहे.

तुम्ही म्हणालात तसंच झालं. पावसाळ्यापासून सोमारीचं वाढलेलं नाही. कमीही झालेलं नाही. रात्रीची थरथर गेली. टाच टेकत नाही ती नाहीच टेकत. गाव अजून म्हणतं, हिचं लग्न कसं होणार? मी म्हणते, जो हिच्या चालीनं चालेल त्याच्याशी होईल, नाहीतर नाही होणार. धान यंदा बरं आहे.

तुमची,
अन्नपूर्णा

ता. क. गुणाबाईंना सांगा, पिल्लांशी बोलणं चालू राहू द्या, तुमच्याशी मग हळूहळू करा म्हणावं.


नागपूर
१५ डिसेंबर १९५८

चि. सौ. अन्नपूर्णा हिस,
आशीर्वाद.

मंडईचं वाचून मी एकटाच मोठ्यानं हसलो. गुणाबाईनं विचारलं, काय झालं? म्हणजे बोलणं सुरू झालं. तिला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, या म्हातारीला मला भेटायचं आहे.

इकडे मी डॉक्टरांच्या एका बैठकीत बोललो. पिल्लांची दोन खोकी टेबलावर ठेवली आणि जागलीची गोष्ट सांगितली. काही हसले. सर उठून गेले. जाताना म्हणाले, "हे तुमचं कल्पनारम्य लिखाण माझ्या नावाशी जोडू नका." मी म्हटलं, जोडणार नाही. पुराव्याबाबत ते चुकीचे नाहीत, माझा पुरावा थोडा आहे. पण थोडा आहे म्हणून गप्प बसायचं काय होतं ते मी जूनमध्ये शिकलो. पुढच्या महिन्यापासून मी तिथे नसेन. एका शाळेनं मला विज्ञान शिकवायला घेतलं आहे.

लेख मी माझ्या एकट्याच्या नावानं पाठवणार आहे. छापतील की नाही सांगता येत नाही. त्यात तुमच्या घराची हकीगत आहे, पाणी सोमारीलाच कसं मिळालं तीही. विष पाण्यातच आहे, हे त्या हकीगतीमुळेच स्वच्छ दिसतं. अशा लेखात नाव घालत नाहीत, "रुग्ण क्रमांक दोन" एवढंच घालतात. क्रमांक एक तू आहेस. तुम्हा दोघींना न विचारता मी एक ओळही पाठवणार नाही. सोमारी आता मोठी आहे, तिच्याबद्दल तिलाच विचार.

तुझा,
गुणवंत


आरमोरी, पोस्ट ऑफिसचा ओटा
२२ फेब्रुवारी १९५९

ती. गुणवंतमामास,
सोमारीचा नमस्कार.

आईनं तुमचं पत्र मला दिलं आणि म्हणाली, तुझ्या पायाचं आहे, तूच उत्तर दे. आईची परवानगी आहे. ती म्हणाली, क्रमांक एक म्हटलं तरी चालेल, पयला नंबर तरी कुठं आला म्हणावं. माझी परवानगी आहे, पण एका अटीवर. अट शेवटी लिहिते.

अक्षर वाकडं आहे, माफ करा. मी आजीला पण अक्षरं शिकवून राह्यली आहे. तिला "पाणी" आणि "फेका" एवढंच लिहायचं आहे, दुसरं शिकत नाही. कोळशानं लोकांच्या भिंतीवर लिहिते. डोमा सुताराच्या भिंतीवर दोनदा लिहिलं.

आमच्याकडे पुन्हा लाखोरीची निळी फुलं आली आहेत. आई म्हणते, फुलांवर राग नाही धरायचा. मी धरते.

आज आरमोरीचा बाजार आहे. वारलूकाकाची गाडी टोल्यावरून येते. ते म्हणाले, पत्र दे, मी टाकतो. मी दिलं नाही. मग म्हणाले, तं गाडीत बस. मी बसली नाही. पहाटे निघाली. नाल्याच्या रेतीत पंजे रुततात तिथं दोनदा पडली. दुसऱ्यांदा पडली तेव्हा मागून आलेल्या वारलूकाकानं हाक मारली, बस वो माय. मी उठली, कापड झटकलं. मोहापाशी पुन्हा हाक मारली. आरमोरीच्या वेशीपाशी तिसऱ्यांदा. आजी म्हणते, तिसऱ्या हाकेले ओ द्यायची, ते माणूसच असते. मी ओ दिली. म्हटलं, काका, तुमी पुढं व्हा, मी येऊन राह्यली.

पोस्टमास्तरांनी पाणी दिलं. ते म्हणाले, एवढी लांब कशी आली? मी म्हटलं, तुमची तार आमच्या घरी आली होती, तिचं उत्तर द्यायला आली.

आता अट. रुग्ण क्रमांक दोन असं लिहू नका. माझं नाव घाला, सोमारी रामाजी भोयर, पळसटोला. छापणारे नाही म्हणाले तर लेख परत मागवा. तिला पाणी पाजलं हे लिहा, कोणी पाजलं तेही लिहा, आजी म्हणते लपवू नका. तिच्या पेशी मेल्या हेही लिहा. आणि त्याच्या खालच्या ओळीत लिहा की हे पत्र ती स्वतः चालत जाऊन टाकून आली.

आपली भाची,
सोमारी